साडी नेसायला परवाना लागत नाही

आमच्या गणेश मंडळात दरवर्षी पोरं नऊवारी नेसून लावणी करतात. यंदा पोलीस ठाण्यातून तोंडी सांगितलं, 'बाप्यांचा साड्या नेसून नाच असेल तर परवानगी नाही.' काय करायचं? (खानापूर)

तोंडी हुकुमावर ठाण्यात वाद घालू नका. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच ठेवा. 'नकार असल्यास कारणासह लेखी कळवावे' ही ओळ अर्जातच घाला. लिहून द्यायची वेळ आली की बरेच हुकूम आपोआप मऊ होतात. आणि नोटीस कन्नडमध्ये आली तर कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

मांडव, वायरिंग, गर्दी, आवाज यांवर पोलीस अटी घालू शकतात, त्या पाळायच्याच. पुरुषानं स्टेजवर काय नेसावं हे ठरवणारं कलम मात्र नाही. अश्लीलतेचं कलम पुढे केलं जाईल: भारतीय न्याय संहितेचं 296. पण त्यासाठी कृत्य अश्लील हवं आणि त्याचा इतरांना उपद्रव झालेला हवा. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तोकड्या कपड्यांतला नाचसुद्धा तेवढ्यानं अश्लील ठरत नाही म्हणत गुन्हा रद्द केला. तुमची पोरं तर पिना मारून पदर घट्ट बसवून नाचतात!

बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा शकुंतला पुरुषच होता. पुढे बालगंधर्वांच्या साड्यांची नक्कल घरंदाज बायका करू लागल्या आणि 1964 मध्ये सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. हे अर्जात लिहायची गरज नाही, पण साहेब चहा पाजत असतील तर जरूर सांगा.

एका संघटनेनं कार्यक्रम उधळू म्हटलंय. पोलीस म्हणतात, बंदोबस्त जमणार नाही, तुम्हीच रद्द करा. (बेळगाव)

धमकी देणारा मोकळा आणि नाचणारा घरी, असा हा न्याय. रंगराजन खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येत नाही. तिचं रक्षण सरकारनं करायचं. धमकीचा मेसेज जपून ठेवा, त्याची लेखी तक्रार द्या, रद्द केल्याचं पत्र मात्र स्वतःहून देऊ नका.

अमेरिकेत ड्रॅग शोवर, म्हणजे बाप्यांनी बायकांचा वेश करून केलेल्या कार्यक्रमांवर, बंदी आली म्हणे. आपला काय संबंध? (निपाणी)

सरसकट बंदी नाही. टेनेसी राज्यानं 2023 मध्ये मुलांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी 'प्रौढांचे' कार्यक्रम करायला मनाई केली आणि त्या यादीत स्त्रीवेश-पुरुषवेश करणाऱ्यांनाही बसवलं. जूनमध्ये एका संघीय न्यायाधीशानं कायदा घटनाबाह्य ठरवला. जुलै 2024 मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल उलटवला, तोही दावा करणाऱ्या संस्थेला दावा लावायचा अधिकारच नव्हता या मुद्द्यावर. संबंध असा की आधी 'मुलांसाठी' म्हणायचं आणि मग वेश पाहून माणूस संशयित ठरवायचा, ही रीत इकडेही ओळखीची आहे.

पण मुलांनी हे बघावं का? तुम्ही वकील मंडळी फारच सूट देता. (चिकोडी)

द्वयर्थी संवादांचा प्रयोग असेल तर तिकिटावर वय छापा, रात्रीचा ठेवा. त्याला माझी हरकत नाही. मात्र तोच विनोद पँट घातलेल्या नटानं केला तर चालतो आणि लुगड्यातल्या नटानं केला तर नाही, हे मला पटत नाही. मुलांनी तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील पाहिलेत, काही बिघडलं नाही.

छोट्या हॉटेलात गाणी-नाच ठेवायचाय. (बेळगाव)

कर्नाटक पोलीस कायदा, 1963 च्या कलम 31 खाली परवान्याचे आदेश काढता येतात. 2005 चा, सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये उचलून धरलेला आदेश बेंगळूर शहरापुरता आहे. तुम्हाला कोणता लागू करताहेत ते आधी मागून वाचा. जाचक अटींना आव्हान देता येतं: महाराष्ट्रातली डान्सबार बंदी 2013 मध्ये पडली, कारण तारांकित हॉटेलांना सूट आणि साध्या बारना मनाई होती. 2019 मध्ये शाळा-मंदिरापासून एक किलोमीटरची अटही गेली.

सौंदत्तीच्या वाटेवर जोगतींचा (यल्लम्माला वाहिलेल्या भक्तांचा) नाच अडवला. देवदासी कायदा दाखवतात. (बैलहोंगल)

1982 च्या कायद्यानं देवाला वाहण्यावर बंदी घातली, नाचावर नाही. जोगती नृत्य करणाऱ्या मंजम्मा जोगती 2019 मध्ये याच राज्याच्या जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, 2021 साठी पद्मश्री मिळाली. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर मात्र बंद ठेवा. तो नियम खरा आहे.