स्वरयंत्राचा भाग काढल्यावर आवाज किती, गिळणे कसे?

घशाच्या कॅन्सरविषयी आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. बहुतेकांना काळजी आवाजाची आहे. गिळण्याविषयी एकाच पत्रात विचारले आहे, आणि खरी परीक्षा तिथेच असते.

प्रश्न : मार्केट यार्डात माझी गुळाची अडत आहे, वय ५४. दोन्ही स्वरतंतू काढून उरलेला भाग जिभेखालच्या हाडाला जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. स्वरतंतूच गेल्यावर मी बोलणार कसा? सौद्यात पुकारता येईल का?

उत्तर : बोलता येईल. या शस्त्रक्रियेत क्रिकॉइड हे कूर्चेचे कडे आणि त्यावरची, अ‍ॅरिटेनॉइड नावाची, निदान एक हलती कूर्चा राखली जाते. ती पुढे झुकून एपिग्लॉटिसला, म्हणजे श्वासनलिकेवरच्या झाकणासारख्या कूर्चेला, किंवा जिभेच्या मुळाला टेकते आणि तिथली ओली त्वचा थरथरून आवाज निघतो. हा आवाज खरखरीत आणि हवा मिसळलेला असतो, आणि एका श्वासात पूर्वीपेक्षा कमी शब्द बसतात. घरात, दुकानात, बहुधा फोनवरही बोलणे कळेल. पण सौद्याच्या गलक्यावर चढणारा आवाज परत येईल असे मी सांगणार नाही. पुकारण्याचे काम मुलाकडे किंवा दिवाणजींकडे सोपवावे, किंवा कॉलरला लावायचा छोटा माइक वापरावा.

मात्र स्वरतंतूंचे पहिले काम बोलण्याचे नसून श्वासनलिकेत अन्नपाणी जाऊ न देण्याचे आहे. ते गेल्यावर सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकालाच ठसका लागतो. म्हणून काही काळ नाकातून अन्नाची नळी आणि गळ्याला श्वासासाठी छिद्र ठेवावे लागते. छिद्र बहुधा बंद होते. नळी कुणाची काही आठवड्यांत निघते, कुणाला काही महिने लागतात. गिळण्याचे व्यायाम कोण शिकवणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधीच विचारा आणि त्या स्पीच थेरपिस्टना आधी एकदा भेटून या.

प्रश्न : सासऱ्यांच्या स्वरयंत्राचा वरचा भाग काढून महिना झाला. आवाज पूर्वीसारखाच आहे, मऊ भात उतरतो, पण पाण्याच्या प्रत्येक घोटाला ठसका लागतो. ते उगाच घाबरतात, असे घरच्यांना वाटते. (गडहिंग्लज)

उत्तर : ते घाबरत नाहीत. त्यांचे स्वरतंतू शाबूत आहेत म्हणून आवाज चांगला आहे. पण श्वासनलिकेवरची वरची राखण, म्हणजे एपिग्लॉटिस आणि तिच्या खालच्या घड्या, गेली आहे. शिवाय त्या भागाला घास आल्याची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंनाही धक्का बसलेला असू शकतो. पाणी वेगाने पसरते आणि घसा मिटण्याआधीच खाली पोहोचते. दाट पदार्थ हळू सरकतो, म्हणून तो सोपा जातो.

त्यांना ताठ बसवून असे करायला सांगा : श्वास घेऊन घट्ट रोखायचा, छोटा घोट तोंडात घ्यायचा, श्वास रोखलेला असतानाच गिळायचा, आणि नवा श्वास आत घेण्यापूर्वी मुद्दाम खोकून पुन्हा एकदा गिळायचे. हा क्रम मोडून मध्येच श्वास घेतला, की घशात उरलेले थेंब आत ओढले जातात. सुरुवात थेरपिस्टच्या समोरच करावी. अन्न कुठे जाते हे दुर्बिणीने किंवा क्ष-किरणाखाली पाहून पद्धत ठरवणे उत्तम.

दाट दही, घोटलेली खिचडी, कुस्करून दाट केलेले शिकरण चालेल. चहा, मिसळीचा कट, तांबडा-पांढरा रस्सा सध्या थांबवा. तिखटानेही खोकला चाळवतो. भाकरी दुधात कुस्करून देणे आपल्याकडे मऊ जेवण समजले जाते, पण त्यात पातळ दूध आणि गोळे एकदम तोंडात येतात, आणि या रुग्णांना नेमके तेच सांभाळत नाही. ठसका न लागताही अन्न आत जाऊ शकते. जेवणानंतर आवाज ओला, गुळगुळ येऊ लागला, बारीक ताप राहिला, कफ वाढला किंवा वजन उतरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, दम्याचे रुग्ण, अनेक वर्षे बिडी ओढत होते. डॉक्टर अर्धवट नव्हे, पूर्णच स्वरयंत्र काढू म्हणतात. ही घाई नाही का? (कागल)

उत्तर : तसे वाटत नाही. अर्धवट शस्त्रक्रियेनंतर थोडेफार अन्न फुप्फुसात उतरणारच, आणि ते खोकून बाहेर काढण्याची ताकद लागते. दोन जिने चढून दम लागतो का, हे आम्ही म्हणूनच विचारतो. पूर्ण स्वरयंत्र काढल्यावर श्वासाची वाट गळ्यातून कायमची वेगळी होते, त्यामुळे अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका जवळजवळ राहत नाही. बोलण्यासाठी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये झडप बसवता येते. १८७३ मध्ये व्हिएन्नात शल्यचिकित्सक बिलरोथ यांनी कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र काढले, तेव्हाही त्या रुग्णासाठी बोलण्याचे कृत्रिम साधन तयार केले गेले होते. वडिलांच्या मनाला हे जड जाईल, पण वारंवार होणारा न्यूमोनिया त्याहून जड आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. लेसरने एक स्वरतंतू काढून तीन महिने झाले. गिळणे ठीक आहे, आवाज मात्र फुसफुसा येतो. काही करता येईल का? (राजारामपुरी)

उत्तर : येईल, पण इतक्यात नाही. काढलेल्या जागी व्रण तयार होत असतो आणि आवाज सहा महिने किंवा त्याहूनही जास्त काळ बदलत राहतो. तोवर थेरपी घ्या, वर्गात माइक वापरा आणि जोर लावून कुजबुजणे टाळा. त्यानंतरही फट उरली, तर तिथे चरबी भरून किंवा बाहेरून आधार देऊन ती कमी करता येते. यासाठी थांबण्याचे आणखी एक कारण आहे : कॅन्सर परत आलेला नाही, याची त्या काळात दुर्बिणीने खात्री करून घेता येते. सुधारलेला आवाज पुन्हा बिघडू लागला, तर मात्र ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता लगेच घसा दाखवा.