अँब्युलन्सच्या ट्रेनिंगमध्ये अ‍ॅनाटॉमीचे शब्द पाठ होत नाहीत, आधी काय शिकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी मराठी माध्यमातून झाली, आता मुंबईत इएमटीचा, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा, कोर्स सुरू केलाय, पहिल्याच आठवड्यात इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी हातात पडली आणि डोक्यात काहीच राहत नाही. यातलं आधी काय पाठ करायचं?

मी मुंबईत अँब्युलन्सच्या गाडीवर काम करतो आणि अधूनमधून नव्या बॅचचं प्रॅक्टिकल घेतो. बहुतेक मुलं रोगांच्या नावांपासून सुरुवात करतात, कारण ती भारदस्त वाटतात. हार्ट अटॅकला मायोकार्डियल इन्फार्क्शन म्हणता आलं की आपण अर्धे डॉक्टर झालो असं वाटतं. गाडीवर मात्र या नावांची गरज सगळ्यात शेवटी पडते. आधी जागा सांगणारे शब्द शिका, मग डोळ्याला, हाताला आणि कानाला जे कळतं ते सांगणारे. निदान करायला पुढे कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, डॉक्टर बसलेत. आपण काय पाहिलं, कुठे पाहिलं आणि किती वाजता पाहिलं, हे त्यांना फक्त आपणच सांगू शकतो.

जागेचे शब्द वहीत लिहून बसत नाहीत, स्वतःच्या अंगावर बोट ठेवून म्हणा. अँटीरिअर म्हणजे पुढची बाजू, पोस्टीरिअर मागची. मीडियल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडची, लॅटरल बाहेरची. प्रॉक्सिमल म्हणजे हात किंवा पाय धडाला जोडलाय त्या टोकाकडे, डिस्टल म्हणजे बोटांकडे. उताणा पेशंट सुपाइन, पालथा प्रोन. हे शब्द एकदा पक्के झाले की ‘उजव्या पायाला घोट्याच्या वर आतल्या अंगाला जखम’ हे वाक्य तुम्ही झोपेतसुद्धा ‘राइट लेग, डिस्टल, मीडियल’ असं सांगाल. आणि डावं-उजवं नेहमी पेशंटचं, तुमचं नाही. समोर उभं राहिलं की ते उलटं दिसतं, त्यामुळे ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

हाडांची यादी २०६ ची आहे, सगळी नकोत. हासळी म्हणजे क्लॅव्हिकल, छातीचं मधलं हाड स्टर्नम, बरगड्या रिब्ज, दंडाचं ह्युमरस, हाताच्या अंगठ्याकडचं रेडियस आणि करंगळीकडचं अल्ना, मांडीचं फिमर, नडगीचं टिबिया. पोटासाठी बेंबीवरून एक उभी आणि एक आडवी रेघ मनात मारा, चार भाग होतात. उजवीकडे वर लिव्हर आणि पित्ताशय, उजवीकडे खाली अपेंडिक्स, डावीकडे वर प्लीहा म्हणजे स्प्लीन. बाइकवरून पडलेला मुलगा डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या धरून बसला असेल, तर त्या बरगड्यांच्या मागे स्प्लीन आहे एवढं आठवायला हवं. बाहेर थेंबभर रक्त न दिसताही आत रक्तस्राव चालू असू शकतो.

इथेच मला वाटतं अ‍ॅनाटॉमी खऱ्या अर्थाने कामाला येते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. फिमर मोडलं तर मांडीच्या आतच लिटर-दीड लिटर जाऊ शकतं, पेल्विस म्हणजे कमरेखालचं ओटीपोटाचं हाड मोडलं तर त्याहून जास्त. आणि बीपी लगेच पडत नाही. आधी नाडी वाढते, त्वचा गार आणि चिकट होते, माणूस अस्वस्थ होतो. साधारण ३० टक्क्यांपर्यंत रक्त गेलं तरी वरचा बीपी ठीक दिसू शकतो. म्हणून टॅकिकार्डिया, म्हणजे नाडी १०० च्या वर, हा शब्द हायपोटेन्शनच्या, म्हणजे बीपी पडण्याच्या, आधी शिका. पेल्विक बाइंडर, म्हणजे मोडलेलं पेल्विस आवळून धरणारा पट्टा, हासुद्धा पॅन्टचा पट्टा जिथे येतो तिथे बांधायचा नसतो. खुब्यावर बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, ग्रेटर ट्रोकँटर, त्याच्या पातळीवर बांधायचा. ज्याला तो उंचवटा चाचपून सापडत नाही, त्याला ट्रोकँटरचं स्पेलिंग येऊन काय उपयोग?

श्वासमार्गाचे शब्द कानाने शिका. बेशुद्ध माणूस घोरल्यासारखा आवाज करत असेल तर जीभ मागे पडली आहे: हेड टिल्ट, चिन लिफ्ट, म्हणजे डोकं मागे आणि हनुवटी वर. मानेला मार असल्याचा संशय असेल तर मान न वाकवता जॉ थ्रस्ट, म्हणजे नुसता जबडा पुढे ढकलायचा. गुळण्या केल्यासारखा आवाज म्हणजे आत रक्त, उलटी किंवा लाळ: सक्शन, म्हणजे नळीने ते ओढून काढायचं, पण एका वेळी दहा सेकंदांच्या आसपासच, कारण तेवढा वेळ ऑक्सिजनही मिळत नाही. श्वास आत घेताना कर्कश आवाज म्हणजे स्ट्रायडॉर, वरचा मार्ग अरुंद झालाय. श्वास सोडताना शिट्टीसारखा म्हणजे व्हीझ, खालच्या नळ्या आवळल्यात. दम्याच्या पेशंटची छाती एकदम शांत झाली की नातेवाइकांना बरं वाटतं, तुम्हाला मात्र वाटता कामा नये. हवाच आत-बाहेर होत नसेल तर आवाज येणार कुठून. ओरल एअरवेचं, म्हणजे जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायच्या वाकड्या नळीचं, माप ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत घ्या, आणि खोकला-उबळ शिल्लक असलेल्या पेशंटला तो घालू नका.

नाडी शोधताना: कंठमण्यावर दोन बोटं ठेवा, तिथून आपल्या बाजूला घसरवा, मऊ खोबण लागते. तिथे कॅरोटिड, म्हणजे मानेतली मोठी रक्तवाहिनी. अंगठा वापरू नका, स्वतःचीच नाडी लागते. एका वेळी एकच बाजू दाबा. दहा सेकंदांत खात्रीने लागली नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके येतायत, तर छाती दाबायला सुरुवात. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांनंतर २ श्वास, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ते आचके म्हणजे अ‍ॅगोनल ब्रीदिंग. त्याला श्वास समजून थांबू नका.

पाठीच्या कण्यासाठी ७, १२, ५ हे आकडे पुरे: मानेचे सर्व्हायकल, छातीमागचे थोरॅसिक, कमरेचे लंबर. मुंबईत गोविंदाच्या दिवशी वरच्या थरावरून पडलेले पेशंट केइएम, सायन, नायर या हॉस्पिटलांत येत राहतात, तेव्हा यातले पहिले सात डोक्यात हवेत. श्वासपटल हलवणारी नस मानेच्या ३, ४, ५ या पातळीवरून निघते. म्हणजे मान चुकीची हलली तर नुसते हातपायच नाही, श्वासही जाऊ शकतो. मंडळाची पोरं प्रेमाने उचलून पळायला बघतात. त्यांच्यावर ओरडू नका, त्यांनाच कामाला लावा. लॉग रोलमध्ये, म्हणजे पेशंटला ओंडक्यासारखं सरळ ठेवून कुशीवर वळवताना, डोकं धरणारा मोजतो आणि बाकीचे त्याच्या आकड्यावर हलतात, एवढं सांगितलं की कुणीही करतं. थर लावणाऱ्यांना एका सुरात हलायची सवय असतेच.

आता पेशंटची भाषा. ती तुमच्या यादीत नाही आणि तुम्हाला ती आधीच येते. मराठी माध्यमाचा इथे चक्क फायदा आहे. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर सत्तरीच्या आजी म्हणतात, “काही नाही रे बाळा, गॅस झालाय, जीव घाबरा होतोय.” सुनेने ओवा दिलेला असतो. तुम्ही बसता, विचारता, “आजी, कुठे कुठे जातंय दुखणं?” आजी हात फिरवतात ते छातीच्या मध्यावरून जबड्याकडे. कपाळाला गार घाम. डायबिटीस दहा वर्षांचा. यातला एकही शब्द हार्ट अटॅक नाही. रेडिओवर किंवा कॅज्युअल्टीत तुम्ही सांगायचं ते असं: “सत्तर वर्षांच्या बाई, संध्याकाळी सहापासून सेंट्रल चेस्ट डिस्कम्फर्ट, जबड्याकडे रेडिएट होतंय, घाम आहे, डायबिटिक. पल्स ११०, बीपी १०० बाय ६०, ऑक्सिजन ९३, शुगर २१०.” ऐकणारा डॉक्टर ‘चेस्ट’ म्हटल्याबरोबर ईसीजीचं मशीन ओढतो. तुम्ही ‘अ‍ॅसिडिटीची केस’ म्हणालात तर आजी बाकावर बसतील. अशा पेशंटला जिन्यावरून चालत उतरवू नका, खुर्चीवर उतरवा, पाय पुढे. चाळीच्या वळणावर स्ट्रेचर अडतं, हे वर जातानाच बघून ठेवा.

‘तोंड वाकडं झालं’, ‘लकवा मारला’ असं कुणी म्हणालं तर चेहरा, हात आणि बोलणं तपासा, आणि शुगर बघा, कारण शुगर खाली गेली तरी हुबेहूब तसंच दिसतं. मग विचारा: शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं होतं? कधी सापडले हे नाही, ठीक कधी होते ते. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रात्री जेवून झोपले आणि सकाळी असे दिसले, तर घड्याळ रात्रीपासून सुरू.

शुद्धीबद्दल ‘अर्धवट बेशुद्ध’ असं कधीच लिहू नका, प्रत्येकाचं अर्धवट वेगळं. जीसीएसमध्ये, म्हणजे शुद्ध मोजायच्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये, डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, एकूण १५, कमीत कमी ३. बेरीज सांगण्याआधी तिन्ही आकडे वेगळे सांगा. हाक मारल्यावर डोळे उघडतो, गोंधळलेला बोलतो, सांगितलेलं करतो: ३, ४, ६. आठ किंवा कमी असेल तर श्वासमार्ग स्वतःचा स्वतः राखेल यावर विसंबू नका.

रेल्वेच्या केसेस तुम्हाला मिळतीलच. तुटलेला अवयव सलाईनने भिजवलेल्या गॉजमध्ये, मग प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. थेट बर्फात नाही. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाभोवती आवळायचा पट्टा, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ त्याच्यावरच लिहा.

सरावासाठी एक करा. वॉर्डातली ड्युटी लागली की कॅज्युअल्टीच्या दारात उभे राहून दुसऱ्या गाड्यांचे हँडओव्हर, म्हणजे पेशंट सोपवताना दिलेली माहिती, ऐका. १०८ च्या गाड्यांवर डॉक्टर असतात, त्यांचं ऐकण्यासारखं असतं. सिस्टर कुठल्या शब्दावर मान वर करतात ते बघा आणि तेवढेच शब्द त्या रात्री वहीत उतरवा. न कळलेला शब्द मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, विचारलात तरी चालेल, स्ट्रेचर ढकलता ढकलता त्यांनी तो आयुष्यभर ऐकलेला असतो.