दानबोंगला लाठी म्हणावं का?

हापकिदो या कोरियन युद्धकलेवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'दानबोंग' या हत्याराला 'लाठी' म्हटलं तर चालेल का, आणि त्यातला 'दान' ब्लॅक बेल्टच्या पायरीतलाच का, असं तुम्ही विचारलंय.

लाठी नको. लाठी म्हटलं की मराठी वाचकाला पुरुषभर उंचीची, दोन्ही हातांनी फिरवायची काठी दिसते. कोरियनमध्ये ती 'जांगबोंग'. दानबोंग जेमतेम फूट-दीड फुटाचा, एका हातात धरायचा. 'दंडुका' लांबीला जुळतो, पण दंडुक्याचं काम बडवणं, आणि हापकिदोचा सगळा जीव सांधे अडकवण्यात. समोरच्यानं मनगट धरलं की आपल्या मुठीबाहेर आलेलं दानबोंगचं टोक त्याच्या मनगटावरून पलीकडे न्यायचं, दुसऱ्या हातानं पकडायचं आणि दोन्ही टोकं खाली ओढायची. लाकूड हाडावर रुततं आणि धरणारा गुडघ्यावर येतो. आपल्या आखाड्यातला 'गदगा' आठवेल, पण तो फरीच्या, म्हणजे छोट्या ढालीच्या जोडीचा, तलवारीच्या सरावाचा. मी 'आखूड दांडकं' लिहीन. दांडक्यानं मारायचं, रेटायचं की अडकवायचं, हे तो शब्द आधीच ठरवून टाकत नाही.

'दान'चा घोळ मात्र खरा आहे. कोरियन लिपीत दोन्ही 'दान' सारखेच लिहितात, पण मुळातली चिनी अक्षरं वेगळी. दानबोंगमधला 'दान' म्हणजे आखूड. ब्लॅक बेल्टचा 'दान' म्हणजे पायरी, टप्पा. गंमत म्हणजे झटका देऊन लांब होणाऱ्या पोलिसी दांडक्याला 'सामदानबोंग' म्हणतात, आणि त्यातला 'दान' टप्प्याचा: तीन टप्प्यांचं दांडकं. त्याचं भाषांतर 'तीन आखूड काठ्या' असं करू नका!

'बोंग' म्हणजे काठी. तोही चिनी मुळाचाच, आणि त्याचा संसार मोठा. के-पॉपच्या कार्यक्रमात चाहते हलवतात तो दिवा 'उंगवॉनबोंग'. अस्सल कोरियन शब्द हवा तर 'बांगमांगी': कपडे बडवायचं लाकूडही तेच, आणि कोरियाच्या जुन्या जोसन राजवटीतल्या शिपायाच्या हातातला सहा कडांचा सोटाही तोच.

उच्चारात 'बोंग'च्या शेवटी ग सुटा ऐकू येत नाही, 'वाङ्मय'मधल्या ङ वरच आवाज थांबतो. छापताना मात्र 'दानबोंग'च ठेवा. 'दानबोङ'वर वाचक अडखळेल.