निवृत्तीनंतरच्या एका दिवसाचे टाचण

आपण विचारले आहे की, येत्या ३१ मे रोजी आपण शासकीय सेवेतून निवृत्त होत आहात, आयुष्याचे नवे पर्व सुरू होणार असे सगळे म्हणतात, परंतु त्याचे चित्रच डोळ्यांसमोर उभे राहत नाही. ते कल्पनेत कसे आणावे आणि मनापासून कसे स्वीकारावे, यासाठी काही कल्पक मार्ग आहेत का?

मी फलटण तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ३४ वर्षे शिकवले आणि चार वर्षांपूर्वी, वयाच्या ५८ व्या वर्षी, याच तारखेला निवृत्त झाले. ही तारीख आपल्या राज्यात पुष्कळांच्या वाट्याला येते. खेड्यापाड्यांतील ज्या मुलांच्या जन्माची नोंद नसे त्यांना शाळेत दाखल करून घेताना गुरुजी १ जून ही जन्मतारीख लिहीत, आणि ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. माझीही जन्मतारीख अशीच एका गुरुजींनी लिहिलेली आहे. म्हणून आपला प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून मला राहवले नाही.

निरोप समारंभात मला सर्वांनी विचारले, "बाई, आता पुढे काय?" मी उत्तर दिले की वाचन करीन, प्रवास करीन, नातवंडांना वेळ देईन. ते उत्तर खोटे नव्हते, पण त्यात एकही दिवस नव्हता. जून महिन्याच्या मध्यावर शाळा उघडली. आमच्या घरापासून शाळेची घंटा ऐकू येते आणि वारा या बाजूचा असला की परिपाठातील प्रतिज्ञाही ऐकू येते. त्या सकाळी मी सवयीने पाच वाजता उठले होते, स्वयंपाक आठ वाजताच झाला होता, आणि घंटा झाली तेव्हा मी नेसत्या साडीनिशी दारात उभी होते. कोठे जायचे ते मात्र ठाऊक नव्हते. त्यानंतरचे दोन महिने फार जड गेले, आणि ते का जड गेले हे मला पुढे कळले: "वाचन", "प्रवास", "नातवंडे" ही सारी नावे होती, आणि नावांमध्ये कोणाला राहता येत नाही. राहायचे असते ते सकाळच्या साडेदहामध्ये, दुपारच्या तीनमध्ये.

माझी सुटका जिने केली ती वस्तू मला नोकरीतच मिळालेली होती. प्राथमिक शिक्षकाला रोजच्या अध्यापनाचे टाचण लिहावे लागते. त्यात उद्दिष्ट, साहित्य, कृती आणि मूल्यमापन असे रकाने असतात. नोकरीत असताना त्याचा कंटाळा मीही केला आहे. ऑगस्टमध्ये एका रात्री मी जुन्या टाचण वहीची कोरी राहिलेली पाने काढली आणि दुसऱ्या दिवसाचे, माझ्या स्वतःच्या दिवसाचे, टाचण लिहायला बसले. उद्दिष्ट लिहिले: वाचन. साहित्याच्या रकान्याशी येऊन हात थांबला. कोणते पुस्तक? घरात होती ती वाचून झालेली होती. कोठे बसून? आमच्या घरात दुपारी उजेड येतो तो फक्त मागच्या पडवीत, आणि तेथे खताची पोती रचलेली होती. माझ्या नव्या पर्वातील पहिले काम, त्यामुळे, पोती हलवून खुर्ची मांडण्याचे निघाले, आणि दुसरे तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी भरण्याचे. हे लिहिताना किरकोळ वाटते, परंतु त्या दिवशी संध्याकाळी मला पहिल्यांदा दिवस संपल्यासारखा वाटला. एरवी तो नुसता मावळत होता.

आपल्याला मी हाच मार्ग सर्वांत आधी सुचवीन. संपूर्ण आयुष्याचे चित्र काढायला बसू नका. निवृत्तीनंतरच्या एखाद्या अगदी साध्या मंगळवाराचे, ज्या दिवशी सण नाही, पाहुणे नाहीत, औषधपाणी नाही, अशा दिवसाचे टाचण लिहा, आणि साहित्याचा रकाना प्रामाणिकपणे भरा. जे आपल्याला हवे आहे असे आपण समजतो त्यातील बरेचसे त्या रकान्यात अडकते, आणि जे खरोखर हवे असते त्यासाठी आपण पोती हलवायला तयार होतो.

दुसरी गोष्ट चार्ज देण्याची. निवृत्त होताना आपणही कार्यालयात कार्यभार सोपवालच. मी मुख्याध्यापक या नात्याने जनरल रजिस्टर, डेडस्टॉक रजिस्टर, पोषण आहाराचा तांदूळ, कपाटांच्या किल्ल्या असे सगळे मोजून दिले आणि यादीवर सही केली. टाचण सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आले की एक यादी राहून गेली आहे. ती मी घरी केली: डावीकडे "सोपवले" आणि उजवीकडे "सोबत आणले". डाव्या बाजूला लिहिताना मी रडले, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही. "बाई" अशी हाक, पहिलीच्या वर्गातील नव्या पाट्यांचा वास, गावातील कोणाच्या घरी काय दुखणेखुपणे आहे हे आपल्याला सर्वांआधी कळणे, हे सारे मी तेथे लिहिले. जे गेले त्याला नाव दिल्याशिवाय नवे स्वीकारता येते असे मला वाटत नाही. आपल्याकडे दहाव्या-तेराव्याची रीत आहे तीसुद्धा, माझ्या मते, राहिलेल्या माणसांसाठीच आहे. उजवी बाजू भरायला मला आठ दिवस लागले. पहाटे उठण्याची सवय, शंभर मुलांना ऐकू जाईल असा आवाज, आणि सर्वांत शेवटी लिहिलेली एक ओळ: "ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला काय अडते आहे हे मला ओळखता येते." ही ओळ लिहिली त्या दिवशी माझे पुढचे पर्व सुरू झाले, असे मी आज म्हणेन.

आमच्या भागात साखर कारखाने आहेत. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, शिवाराच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या राहण्याच्या झोपड्या, उभ्या राहतात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती माणसे तेथे राहतात. त्यांच्या मुलांची गावाकडील शाळा सुटलेली असते आणि येथील शाळेत ती क्वचितच रुळतात. नोकरीत असताना मी त्यांना पटावर घेतले होते, पण पुढे बसवायला मला वेळ पुरला नव्हता. मी टाचण लिहिले: वेळ संध्याकाळी सहा, जागा कोप्यांजवळची मोकळी जमीन, साहित्य सतरंजी, चार्जिंगचा दिवा, दहा पाट्या, खडू. पहिल्या संध्याकाळी दोन मुले आली आणि तीही दहा मिनिटांत उठून गेली, कारण सहा वाजता मोठ्या मुलींना पाणी आणायचे असते, धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते, आणि आईबाप केव्हा परततील याचा नेम नसतो. मूल्यमापनाच्या रकान्यात मी लिहिले, "वेळ माझ्या सोयीची होती." मग सकाळची वेळ करून पाहिली, तीही चुकली, कारण तोड पहाटेच सुरू होते आणि कोप्यांवर मागे राहिलेल्या मोठ्या मुलांच्या गळ्यात लहान मूल असते. अखेर दुपारी दोनची वेळ जमली. कडेवरच्या बाळासह या, असे मी मुलींना सांगितले, आणि साहित्यात एक झोळी वाढवली. चित्र असे दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढावे लागले. कल्पनेतले पहिले चित्र चुकले म्हणून पर्वच चुकले असे समजून पुष्कळ जण हात टाकतात, याचे मला फार वाईट वाटते.

कल्पनेला बाहेरून खाद्य लागते, हेही मला सांगितले पाहिजे. आपण एकाच टेबलाशी तीस वर्षे बसलो असलो तर आपल्या मनात दुसऱ्या टेबलाचे चित्र आपोआप कोठून येणार? महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण मी नेहमी आठवते. १८५८ मध्ये जन्मलेले कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते आणि १९१४ मध्ये तेथून निवृत्त झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली, आणि डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी आपल्याकडेही स्त्रियांसाठी तसे विद्यापीठ असावे, ही कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. ५८ हा आकडा पाहून मला धीर येतो, हे खरे. पण त्याहून अधिक महत्त्वाची मला ती पुस्तिका वाटते. त्यांनी दुसऱ्याने चालवलेले काम पाहिले, आपल्या मातीत ते कसे रुजेल याचा विचार केला, आणि त्यामागे त्यांची स्त्रीशिक्षणाच्या कामातील कितीतरी वर्षे होती. आपणही या तीन महिन्यांत आपल्या आधी निवृत्त झालेल्या चार-पाच माणसांच्या घरी जा. "कसे चालले आहे" असे विचारू नका, त्याचे उत्तर "छान" असेच येते. "काल दुपारी तीन वाजता आपण काय करत होतात?" असे विचारा.

हातांनाही या कामात घ्यावे. पहिल्या हिवाळ्यात मी शाळेत नेसलेल्या साड्यांची गोधडी शिवली. आमच्या आजीच्या पद्धतीप्रमाणे जुन्या साड्यांचे थर अंथरले, वरून एक धडसे पातळ घातले आणि कडेपासून आत धावदोरा घालत गेले. एक साडी पहिल्या पगाराची होती, एक दर १५ ऑगस्टला नेसायची ठेवणीतली. कपाटातील त्या साड्यांकडे पाहिले की पूर्वी छातीत कळ येई. आता त्या माझ्या नातीच्या अंगावर असतात. आपल्याला शिवणकाम येत नसेल तर आपल्या कामातील जे काही हाताशी आहे, जुन्या डायऱ्या, ओळखपत्रे, दौऱ्यांच्या नोंदी, त्यांतून काही वापरायची वस्तू करता येईल का ते पाहा. जपून ठेवलेली वस्तू आपल्याला मागे ओढते आणि वापरात आलेली वस्तू पुढच्या दिवसांत मिसळून जाते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक, जे मी निवृत्तीआधीच करायला हवे होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दर वर्षी लोणंदहून तरडगाव आणि पुढे फलटण अशी आमच्या भागातून जाते. ३४ वर्षे मी शाळेच्या मैदानावर मुलांची बालदिंडी काढली आणि पालखीला रस्त्याच्या कडेने हात जोडले. निवृत्तीनंतर पूर्ण वारी करीन असे मी सर्वांना सांगत असे, पण पहिल्या वर्षी धाडस झाले नाही. दुसऱ्या वर्षी आमच्या शेजारच्या माउलींनी, ज्या पंचवीस वर्षे वारी करतात, मला सांगितले की एवढे मोठे मनात धरू नका, लोणंद ते तरडगाव एवढेच चला. मी चालले. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण पाहिले, संध्याकाळी पाय सुजले, आणि पूर्ण वारी माझ्याने होणार नाही, पण दर वर्षी हे दोन मुक्काम नक्की होतील, हे मला नीट समजले. एका मुक्कामाने जे समजते ते वर्षभराच्या विचाराने समजत नाही. म्हणून ज्या आयुष्याचा आपण विचार करत आहात त्याचा एक मुक्काम नोकरीत असतानाच, एखाद्या रविवारी, चालून पाहा. गावी परतायचे मनात असेल तर सणावाराला नव्हे, भर मे महिन्यात पाण्याची टंचाई असताना तेथे आठ दिवस राहा.

पैशांविषयी थोडक्यात सांगते: निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि अंशराशीकरणाचा, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेण्याचा, निर्णय हे ३१ मेच्या आधी मार्गी लावा, कारण त्या काळजीच्या खाली कोणतीच कल्पना उगवत नाही. घरच्यांशीही बोला. मी दुपारी कोप्यांवर जाणार हे आमच्या घरात मी न विचारता ठरवले होते, आणि यजमानांना वाटत होते की आता दुपारचा चहा तरी आम्ही बरोबर घेऊ. त्यांच्या मनातही माझ्या निवृत्तीचे एक चित्र होते, हे मला सहा महिन्यांनी कळले. आता चहा साडेचारला असतो, आणि तो माझ्या टाचणात लिहिलेला असतो.

आपल्या हाती अजून बारा-तेरा रविवार आहेत. येत्या रविवारी पहिले टाचण लिहा. साहित्याच्या रकान्यात काय आले ते येथे कळवलेत तर मी नक्की वाचेन, आणि काही अडले असेल तर त्यावर आपण बोलू.