हृदयाच्या छोट्या छेदाच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून काय चांगलं : एपिड्युरल, ब्लॉक की नुसती औषधं?

वडिलांची झडप उजव्या बाजूच्या छोट्या छेदातून बदलणार आहेत, म्हणून तुम्ही हे विचारलंय. मी कोल्हापुरात भूलतज्ज्ञ आहे, हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देतो.

छेद लहान म्हणून दुखणं कमी असेल, असं धरून चालू नका. इथं छातीचं मधलं हाड कापत नाहीत, दोन बरगड्यांच्या फटीतून जातात. पण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेनं एक नस जाते, ती दबते, ताणली जाते. पहिले दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं. पुढं मात्र माणूस लवकर हिंडायला लागतो.

एपिड्युरल म्हणजे पाठीच्या कण्यात बारीक नळी घालून बधिरतेचं औषध सोडणं. त्यानं दुखणं छान थांबतं. पण ऑपरेशनात हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनसाठी भरपूर हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यावं लागतं आणि सुईच्या जागी रक्त झिरपून मणक्यात साकळलं तर पाय लुळे पडू शकतात. असं क्वचितच होतं, तरी मी त्या वाटेला जात नाही. फेंटानिल, ट्रामाडॉल अशी अफूच्या जातीची दुखणं मारणारी औषधं थोडीफार लागतातच. सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवली की मळमळ, गुंगी आणि पोट साफ न होणं आलं.

माझा कौल ब्लॉकला. सोनोग्राफीत बघून पाठीत किंवा बगलेखाली बधिरतेचं औषध सोडतात. त्यातला मणक्याशेजारी देतात तो पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक जास्त पक्का, पण सुई खोल जाते. 2016 पासून आलेला, पाठीच्या स्नायूखाली देतात तो इरेक्टर स्पायनी ब्लॉक उथळ, म्हणून रक्तस्रावाची धास्ती कमी; गुण मात्र सगळ्यांना सारखा येत नाही. डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : ब्लॉक एकदाच देणार की बारीक नळी ठेवणार? एकदाच दिलेला बहुतेक वेळा पहिल्या रात्रीतच उतरतो. नसा गोठवायचीही पद्धत आहे, तिचा गुण काही आठवडे ते महिने टिकतो, पण छातीचा तेवढा भाग बधिर राहतो.

जोडीला पॅरासिटामॉल घड्याळ लावून. आमच्याकडं तालमीत घाम गाळलेली मंडळी विचारलं की "काय न्हाई ओ डॉक्टर, बरं हाय" म्हणतात आणि वर वर श्वास घेत पडून राहतात. मग कफ साठतो, ताप येतो. म्हणून मी पडल्या पडल्या विचारत नाही, खोकायला लावतो आणि तोंडाकडं बघतो. तुम्हीही तेच करा.

घरी आल्यावर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन परस्पर आणू नका. किडनीला त्रास होतो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावही. ती गोळी आत्ताच चालू असेल तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना नावासकट सांगा. कुठला ब्लॉक देता येईल ते त्यावरच ठरतं.