मेमो निघेल, पण ट्रेचं काय?

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

सिस्टरने डिस्टिल्ड वॉटरऐवजी पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल (औषधाची सीलबंद छोटी कुपी) उचलली, त्या चुकीबद्दल समितीला द्यायचा तुझा मसुदा वाचला. ‘सिस्टरने लेबल वाचलं नाही’ हे तुझं पहिलंच वाक्य. खरं आहे, तरी खोड. समिती तिथेच थांबेल, मेमो काढेल, फाइल बंद करेल.

तो ट्रे पाहिलास का? मसुद्यात त्याबद्दल अवाक्षर नाही. पोटॅशियम क्लोराइड आणि डिस्टिल्ड वॉटर, दोन्ही १० मिलीच्या पारदर्शक अँप्युल, शेजारशेजारच्या खणांत. पाण्याने अँटिबायोटिक विरघळवायचं. पोटॅशियम तसंच शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. नाइट ड्युटीला तिथे उभी राहा, हात आपोआप कुठे जातो ते बघ, मग लिही. या वेळी इंटर्नचं लक्ष गेलं म्हणून निभावलं.

प्रशिक्षण सुचवू की कारवाई, असं विचारतेस. दोन्ही नको. वस्तू बदल. तुमच्या ओटीतल्या भूल-मशीनचं योक, म्हणजे सिलिंडर अडकवायची चौकट, बघ. तिच्या पिना सिलिंडरच्या भोकांत बसतात, आणि प्रत्येक वायूसाठी त्यांच्या जागांचे क्रमांक ठरलेले. ऑक्सिजनच्या पिना २ आणि ५ वर, नायट्रस ऑक्साइडच्या ३ आणि ५ वर. पिना शाबूत असतील तर चुकीचा सिलिंडर बसतच नाही, लावणारा कितीही पेंगुळलेला असो. तिथे कोणी ‘दक्षता घ्यावी’ अशी पाटी लावून भागवलं नाही!

आणि चेकलिस्ट हा उतारा समजू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टची आठ शहरांतल्या रुग्णालयांत चाचणी झाली, त्यात दिल्लीही होती. २००९ साली निकाल आले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. पुढे कॅनडातल्या ओंटारिओत १०१ रुग्णालयांत ती लागू झाली; २०१४ च्या अभ्यासात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मला नवल वाटलं नाही. पेशंट टेबलावर यायच्या आत सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा झालेल्या मी पाहिल्या आहेत.

आमच्याकडची एक सिस्टर अशाच मेमोनंतर नोकरी सोडून गेली. तिच्या जागी आलेलीनेही तीच अँप्युल उचलली. तिलाही मेमो! बैठकीत मी भांडलो, हेकट ठरलो. गोडीने बोलला असता तर काम झालं असतं, असं लोक अजून ऐकवतात. असेलही. पण गोडीने बोलणारे होतेच की तिथे, त्यांच्या वेळी ट्रे कुठे हलला? ती सिस्टर मात्र पुन्हा कुठल्या वॉर्डात उभी राहिली नाही, हे मला आजही सलतं.

तेव्हा वस्तू बदल, वस्तू! पोटॅशियमची अँप्युल वॉर्डातून काढून फार्मसीत ठेवायला सांग. ‘तातडीला लागतं’ म्हणतील. लागतं, पण पातळ करून, सावकाश. त्यासाठी आधीच मिसळलेल्या पिशव्या ठेवता येतात. महाग पडतं म्हणाले तर स्टोअरमध्ये जा. दोन्ही अँप्युल सारख्या दिसणाऱ्या का आल्या, खरेदीच्या वेळी त्या शेजारी ठेवून कोणी पाहिल्या होत्या का, हे विचार. उत्तर लेखी माग. नवा मसुदा ट्रेच्या फोटोसकट पाठव, सिस्टरचं नाव गाळून.