नेत्याच्या स्वभावाचा परराष्ट्र धोरणावर आणि निवडणुकीवर खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि त्याचा पुरावा चक्क कानांनी ऐकता येतो. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९७१ मध्ये स्वतःच्याच कार्यालयात ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवून घेतली होती. ५ नोव्हेंबरच्या सकाळी ते आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर, आदल्याच दिवशी भेटून गेलेल्या इंदिरा गांधींना शिव्या घालताना त्यात ऐकू येतात. पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष याह्या खान मात्र निक्सन यांचे लाडके. चीनकडे जायची वाट याह्यांमार्फत उघडली हे खरं, त्यामुळे सगळं खापर स्वभावावर फोडता येणार नाही. पण किसिंजर जुलैतच बीजिंगला जाऊन आले होते, म्हणजे ती वाट आधीच उघडली होती. तरीही डिसेंबरमध्ये, भारत-पाक युद्ध चालू असताना, भारतावर दबाव आणायला अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. आणि पूर्व पाकिस्तानात याह्यांच्या लष्कराने चालवलेल्या कत्तली कळवणारे ढाक्यातले अमेरिकी अधिकारी आर्चर ब्लड? त्यांची बदली झाली. याचा मला आजही राग येतो.

निवडणुकीतही तोच संशयी स्वभाव. १९६० मध्ये केनेडींकडून झालेला निसटता पराभव त्यांच्या मनातून कधी गेलाच नाही. १९७२ मध्ये ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, पण त्याआधीच त्यांच्या प्रचारयंत्रणेतल्या माणसांनी वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात घरफोडी केली होती. ती दडपण्याच्या खटपटीत ऑगस्ट १९७४ मध्ये अध्यक्षपद सोडावं लागलं. त्यांना अडकवणारा पुरावाही त्यांच्या कार्यालयातल्या त्याच ध्वनिफितींमध्ये होता.